चाक आणि पाचवं फाटक

सायकलकाकांना एक खोड होती, आणि ती चांगली खोड होती हीच सगळी पंचाईत. गिऱ्हाईक अडलं की त्यांना राहवायचं नाही. एखाद्याचं काम आज होण्यासारखं नसलं, तर "दोन दिवसांनी या" म्हणायचं सोडून ते स्वतःच्या सायकलचा भाग काढून द्यायचे. कुणाला पेडल, कुणाला सीट, कुणाला आख्खं चाक. त्यांची सायकल कधी पूर्ण दिसलीच तर शेजारचा इस्त्रीवाला विचारायचा, "काय काका, आज कुणी आलं नाही वाटतं?" बायको म्हणायची, "उद्या कुणी पाय मागितला तर तोही काढून द्याल." काका हसायचे आणि फडक्याला हात पुसायचे. फडकं हाताहून काळं असायचं, त्यामुळे पुसून काही साधायचं नाही.

दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाशी एक शटर. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेरूनच बोलायचं. वर टायर टांगलेले, भिंतीवर खिळ्यांना रिमा आणि चाकं, कोपऱ्यात पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, आणि मधोमध चाकाचा आऊट काढायचा स्टँड. त्या स्टँडपुढे बसले की काकांना जगाची शुद्ध नसायची. चाक फिरवायचं, एक डोळा मिटायचा, आणि चाक केसभर जरी डुललं तरी नेमका तो आरा पकडून पिळायचा. वय सहासष्ट, चष्मा जाड, पण हात अजून पक्का होता. "चाक खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. ते इतक्यांदा बोलून झालं होतं, की काकांनी "चाक" म्हटलं की पुढचं इस्त्रीवालाच पुरं करायचा.

घरात तीन माणसं. काका, काकू आणि ताई. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, तेरा वर्षांनी मोठी. आई काकांच्या जन्माच्या वेळीच गेली आणि वडील दोन वर्षांनी. पंधरा वर्षांच्या ताईनं शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर लावायचं काम धरलं आणि भावाला वाढवलं. तिच्या लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "मला एक पोर आहे, तेच आवरत नाही." ते पोर आता टकलं झालं, तरी ताई त्याला बाळ्याच म्हणते आणि जेवताना त्याच्या ताटात डोकावते.

ताईपाशी एक गोष्ट होती. एकच, पण ती तिनं आयुष्यभर सांगितली. गावाबाहेरच्या दगडी पुलापासून वर सपाटीपर्यंत पूर्वी एक मोटाररस्ता होता. मोटारी नव्या निघाल्या तेव्हा मोठ्या घरच्या लोकांनी खास आपल्यासाठी बांधून घेतलेला. त्या रस्त्यावर त्यांच्या इस्टेटी, प्रत्येकीला आपापलं फाटक. ताई म्हणायची, इस्टेटी पाच होत्या, आणि पाचव्या फाटकावर आपले बाबा होते. फाटक एकपाखी, लोखंडी, आणि इतकं जड की त्याच्या खाली एक लोखंडी चाक बसवलेलं. ते चाक जमिनीत रोवलेल्या गोल वळणाच्या पट्टीवरून फिरायचं. मालकांची मोटार आली की दोन आखूड हॉर्न आणि एक लांब. बाबा खोलीतून धावत यायचे, आणि कडी काढायच्या आधी त्यांचा पहिला शब्द "बाजूला!", कारण ताई नेमकी त्या पट्टीवर खेळत बसलेली असायची. ताई अकरा वर्षांची असताना इस्टेट विकली गेली, फाटक भंगारात गेलं, आणि हे लोक गावात राहायला आले.

ही गोष्ट ताईवाचून दुसरं कुणी सांगत नव्हतं. वर चार इस्टेटींचे अवशेष आहेत हे सगळ्यांना माहीत, पाचवीचं कुणी नाव काढत नसे. ताई तिशीत असताना एकदा बघायला गेली होती. तोवर नवा रस्ता झालेला, टेकडी कापलेली, पाण्याची टाकी उभी राहिलेली. काहीच ओळखू येईना, तेव्हा तशीच परत आली. कारखान्यातल्या बायकांनी तिचं नाव पाचवं फाटक असंच पाडलं. पण ताई कसली ऐकतेय! "हसा," म्हणायची, "तुमच्या बापांनी मोटार पाहिली तरी होती का तेव्हा?"

काकांना वडील आठवत नाहीत. फोटो नाही, कुठली वस्तू नाही, सहीचा कागदसुद्धा नाही. ताई सांगते तेवढेच त्यांचे वडील.

तीन वर्षांपूर्वी गावात एक मंडळ निघालं. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर, लायब्ररीच्या बाई, आणि रविवारी घरात ज्यांची अडचण होते असे पाचसहा जण. झुडपात शिरायचं, जुन्या डांबराचा तुकडा दिसला की गुडघे टेकायचे, त्यावरून हात फिरवायचा, फोटो काढायचा. लोक त्यांना खड्डेमंडळ म्हणत. आजच्या रस्त्यातले खड्डे कुणी बघेना आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे शोधतायत, असं लोकांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असं नाही.

मग बाईंना लायब्ररीच्या रद्दीत एक वही सापडली. त्या इस्टेटींपैकी कुठल्याशा घरच्या मोटार ड्रायव्हरची. त्यात त्यानं अंतरं लिहून ठेवली होती. पुलापासून पहिलं फाटक अमुक मैल, पहिल्यापासून दुसरं तमुक, असं. शेवटच्या ओळीत एवढंच होतं, "पाचवं, चौथ्यापासून दोन मैल." बाईंनी हे काकांच्या दुकानात हवा भरता भरता सहज सांगितलं, आणि काकांच्या हातातला पंप थांबला.

सरांचं म्हणणं पडलं, वळणावळणाचा रस्ता टेपनं मोजण्यात वर्ष जाईल, सायकलच्या चाकानं मोजू. काकांनी आपल्या सायकलच्या पुढच्या चिमट्याला आकडे सरकणारं एक जुनं यंत्र बसवलं आणि आऱ्याला पत्र्याची जीभ लावली. चाक एकदा फिरलं की जीभ यंत्राला टिचकी मारणार आणि आकडा एकनं पुढे जाणार. सरांनी शाळेच्या व्हरांड्यात खडूनं रेघ मारून दहा फेरे मोजून घेतले. एक फेरा म्हणजे दोन मीटर वीस सेंटीमीटर. वहीतले मैल सरांनी फेऱ्यांत बदलले आणि कागद काकांच्या खिशात दिला. काकांनी त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, "ताई, पाचवं फाटक मी शोधणार."

"शोधायचं काय त्यात?" ताई म्हणाली. "आहे तिथेच आहे ते. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

पहिली चार फाटकं नुसती हाक मारल्यासारखी निघाली. पहिल्याचा खांब पिठाच्या गिरणीच्या भिंतीत चिणलेला. दुसऱ्याचा दगडी उंबरा एका घराच्या मोरीपुढे पालथा. तिसऱ्याची बिजागरी एका झाडानं बुंध्यात गिळून टाकलेली. आणि चौथ्याचे दोन्ही खांब तर सोसायटीच्या मागे उजळ माथ्यानं उभे, मधे दोरी बांधून लोक कपडे वाळत घालत होते. प्रत्येक वेळी काकांच्या चाकाचा आकडा जिथे संपला, त्याच्या दहा पावलांच्या आत फाटक. सर म्हणाले, "काका, हे चाक सोन्यानं मढवा." काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी होतं.

चौथ्यानंतर उन्हं फार झाली म्हणून मंडळानं तीन आठवडे सुट्टी घेतली. त्याच दिवसांत एका सकाळी नर्सबाई दुकानात आल्या. ह्या बाई सायकलवरून घरोघर हिंडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायच्या. खड्ड्यात आपटून त्यांच्या पुढच्या चाकाची रिम पार चेपली होती. तसली रिम मागवावी लागणार, म्हणजे चांगले महिनाभर बसा. नर्सबाईंचा चेहरा उतरला. "चार जणांना रोज सकाळचं इंजेक्शन आहे हो काका," त्या म्हणाल्या. झालं! काकांनी आपल्या सायकलचं पुढचं चाक काढलं, नर्सबाईंच्या सायकलला चढवलं, हवा बघितली, "जा," म्हणाले. चाकाशिवाय सायकल दुकानात धड उभी राहीना, म्हणून खिळ्यावरचं एक चाक तिला चढवलं, पत्र्याची जीभही त्याच्यावर लावली. ब्रेकचं रबर रिमला पोचेना, तेव्हा पुढचा ब्रेकच काढून ठेवला. ढकलत न्यायच्या सायकलला ब्रेक हवाय कशाला? हे सगळं दोन पंक्चरांच्या मधे, पाच मिनिटांत. हातांनी काम केलं, पण डोक्यापर्यंत बातमी काही पोचली नाही.

सुट्टी संपली. रविवारी मंडळ चौथ्या फाटकापासून निघालं. पुढे काका सायकल ढकलत, मागे बाकीचे. थोडं गेल्यावर काकांची कंबर भरून आली. चढाचा रस्ता, पण त्यांना सारखं खाली वाकल्यासारखं वाटत होतं. "सर, हा रस्ता उताराचा आहे का हो?" त्यांनी विचारलं. सर हसले. "काका, चढ आहे चांगला. धाप तुम्हालाच लागलीय." काकांनी सायकल पुढे ढकलली. वय झालं, दुसरं काय, असं मनाशी म्हणाले.

आकडा चौदाशे त्रेसष्टवर आला आणि काका थांबले. समोर पाण्याच्या टाकीमागचा काटेरी उतार. दगड नाही, विटेचा तुकडा नाही. दहा पावलं शोधलं, पन्नास शोधलं, लोखंडी कांब खुपसून पाहिली. नुसता मुरूम. काकांचे हात काट्यांनी ओरबाडून निघाले. "पुन्हा मोजू," ते म्हणाले. सोमवारी दुकान बंद ठेवून सरांना घेऊन पुन्हा मोजलं. आकडा चौदाशे त्रेसष्ट, आणि समोर तोच उतार, तेच काटे.

सरांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. भला माणूस, उगाच बोलून दुखावणारा नव्हे. म्हणाले, "काका, जुन्या नकाशात पाचवी इस्टेट नुसती ठिपक्यांच्या रेघेत आहे. बेत असेल, बांधली नसेल. ड्रायव्हर मालकाला जागा दाखवायला घेऊन आला असेल, म्हणून अंतर लिहिलं. आपल्या मंडळाची पुस्तिका निघतेय, तिच्यात मी तसंच लिहितोय. शनिवारी छापायला जाईल." काकांनी मान हलवली. त्यांच्याच चाकाचा पुरावा होता.

ताई घरी बटणं लावत बसली होती. कारखाना सोडून वीस वर्षं झाली तरी गल्लीतल्या प्रत्येकाच्या शर्टाची बटणं तिच्याकडेच येतात. तिनं वर न बघताच विचारलं, "सापडलं?"

"नाही, ताई. तिथे काही नाही."

"नीट मोजलंस?"

"दोनदा मोजलं."

"तुझ्याच चाकानं?"

"माझ्याच."

ताईनं सुई कापडात टोचून ठेवली. आता ती भडकणार, सरांची आणि मंडळाची बिनपाण्यानं करणार, असं काकांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ताईनं हातातलं बटण डबीत टाकलं आणि म्हणाली, "तुझं चाक खोटं बोलायचं नाही. मग नसेल."

काकांनी खिशातला सरांचा कागद काढून पुन्हा वाचला. जिनं साठ-सत्तर वर्षं साऱ्या गावाचं हसू झेललं, ती आपल्या एका आकड्यापुढे अशी मुकाट्यानं मान टाकते?

पुढचे तीन दिवस घरात सगळा घोळच झाला. ताई बसल्या बसल्या काहीतरी विचारायची. "बाळ्या, आपण गावात आलो ते बैलगाडीतून की चालत?" काका म्हणायचे, "मला काय विचारतेस? माझा जन्म तरी झाला होता का?" मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायची. काकू वैतागली. "अहो, अकरा वर्षांची पोर होती ती. एवढं मोठं स्वप्न पडतं का कुणाला?" ताई म्हणाली, "कुणी दुसऱ्याचं सांगितलेलं असेल गं. माझंच म्हणून धरून बसले असेन." बुधवारी तर हद्द झाली. काका चहा पीत होते. ताई दारात येऊन उभी राहिली, चेहरा एवढासा.

"बाळ्या, बाबांना मिशी होती का रे?"

काकांनी कप खाली ठेवला. "तूच सांगितलंस ना, होती म्हणून."

"मी सांगितलं खरं," ताई म्हणाली. "पण मला आता दिसतच नाही."

आता काकांनी काय करावं? फाटक नव्हतं तर फाटकावरचा माणूस कुठला? ताईला बाबा दिसेनासे झाले, तर काकांना ते मुळातच नव्हते, म्हणजे आता कुणालाच उरले नाहीत. बरं, ताई खरी म्हणावी तर चाक खोटं. चाक खोटं कसं असेल? पहिली चार फाटकं काय हवेतून निघाली? की आकडे वाचताना आपलेच डोळे फसले? पण सर होते ना सोबत! डोक्याचा नुसता भुगा झाला. दुकानात एकाच्या सायकलला दुसऱ्याची ट्यूब घातली गेली. आऊट काढायला बसले तर चाक सरळ आहे की वाकडं हेच कळेना. एकदा वाटायचं ह्या बाजूला डुलतंय, एकदा त्या. इस्त्रीवाल्यानं दोनदा डोकावून पाहिलं आणि दोन्ही वेळा काही न बोलता परत गेला.

गुरुवारी दुपारी नर्सबाई आल्या. त्यांची रिम आदल्या दिवशीच आली होती आणि काकांनी कसंबसं चाक बांधून ठेवलं होतं. काकांनी त्यांच्या सायकलचं पुढचं चाक काढलं, नवं चढवलं. नर्सबाई म्हणाल्या, "काका, तुमचे उपकार. एक दिवस चुकला नाही बघा कुणाचा." त्या गेल्या. काका काढलेलं चाक हातात घेऊन आपल्या सायकलकडे वळले, ते तिला लावायला. आणि बघतात तर सायकलला चाक आहे.

ते तसेच उभे राहिले. हातात एक चाक, सायकलला एक चाक. आपल्या सायकलला पुढची चाकं दोन कशी झाली? क्षणभर त्यांना खरोखर कळेना. मग त्यांनी खाली बसून हातातलं चाक सायकलच्या चाकाशेजारी टेकवलं. सायकलचं चाक दोन-तीन बोटं बुटकं होतं. हातातलं अठ्ठावीस इंची, सायकलला सव्वीस इंची.

कंबर का भरून आली, चढाचा रस्ता उताराचा का वाटला, ब्रेक रिमला का पोचला नाही, सगळं एकदम समोर उभं राहिलं. बुटकं चाक. एका फेऱ्यात ते कमी जाणार, आणि आकडा मात्र तितकाच पडणार. आपण दोन्ही दिवस फाटकाच्या आधीच थांबलो! काका जमिनीवर फतकल मारून बसले आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. आवाज ऐकून इस्त्रीवाला धावत आला. "काय झालं काका?"

"गाढव आहे मी," काका म्हणाले. "चाळीस वर्षं ह्या दुकानात बसलोय, आणि गाढव आहे."

शुक्रवारी उजाडताच ते एकटे निघाले, अठ्ठावीसचं चाक चढवून आणि बुटकं कॅरिअरला बांधून. चौथ्या फाटकाच्या खांबांपाशी कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं विचारलं, "परत?" काकांनी नुसता हात हलवला. तोंडानं फेरे मोजत होते, यंत्रावरचा भरवसा उडाला होता. टाकीमागचा उतार आला, काटे आले, आणि अजून आकडा बाकी होता. दोनशे पावलं, अडीचशे पावलं. आकडा संपला तो गाड्या धुण्याच्या एका सेंटरच्या अंगणात.

अंगण सगळं सिमेंटचं, ओलं, फेसानं भरलेलं. मालक गमबूट घालून पाइप गुंडाळत होता. "सायकल धुत नाही आम्ही," तो म्हणाला. काकांचं लक्षच नव्हतं. सिमेंटमधून एक लोखंडी पट्टी वर आलेली होती, गंजलेली, बोटभर रुंद. सरळ नव्हे. गोल वळत गेलेली, बरोब्बर पाव वर्तुळ. "ते काय आहे?" काकांनी विचारलं.

"काय की! जागा घेतली तेव्हापासून आहे. उपटायला गेलो तर निघेना. शिवाय पाणी त्याच्या कडेनं चांगलं वाहून जातं, म्हणून राहू दिली."

काका त्या ओल्या सिमेंटवर उकिडवे बसले आणि पट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवत गेले. मधोमध ती घासून खोलगट झाली होती. चाक हजारो वेळा फिरल्याशिवाय लोखंड असं झिजत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते रडायला लागले. गमबूटवाल्यानं घाबरून पाण्याचा ग्लास आणला.

तिथून ते थेट सरांकडे गेले. घरात पाऊल टाकताच म्हणाले, "सर, चूक माझी आहे. छापू नका. सगळ्यांसमोर सांगायला तयार आहे मी." दोन्ही चाकं त्यांनी सोबत आणली होती. सरांनी टेप काढली, दोन्हींचा घेर मोजला, बुटक्याला दोन मीटर सात भरले. सरांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिली. मग म्हणाले, "पस्तीस वर्षं पोरांची वर्तुळं तपासली मी. आणि हे चाक दोन दिवस माझ्या नाकासमोर चाललं होतं. तुम्ही एकटे नाही काका, आपण सगळेच." त्यांनी पुस्तिकेचा कागद काढून पाचव्या इस्टेटीच्या ओळीवर काट मारली.

काकांना वाटलं, सुटलो. कसचं काय! घरी ताईला सांगितलं तर ती ऐकूनच घेईना.

"माझं मन राखायला सांगतोयस."

"नाही गं ताई, शपथ. चाक बुटकं होतं."

"सोमवारी म्हणालास दोनदा मोजलं. आज म्हणतोस चाक बुटकं. परवा काय म्हणशील? मला नको फसवू, बाळ्या. मी ठीक आहे."

ती ठीक नव्हती. केस विंचरलेले नव्हते, आणि हे काकांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. शेवटी काकूनं तिच्या हातात चपला दिल्या आणि रिक्षा बोलावली. "तुम्हाला पटो न पटो, जाऊन या," म्हणाली. "ह्यांना घरात असे येरझारा घालताना मला बघवत नाही."

सेंटरमध्ये ताई रिक्षातून उतरली आणि चहूकडे बघू लागली. पाइप, बादल्या, पत्र्याची शेड, पलीकडे तीन मजली इमारत. तिचा चेहरा कोराच. "इथे असं काही नव्हतं," ती म्हणाली. काकांनी तिला हात धरून पट्टीपाशी नेलं. "ही बघ. गोल आहे. झिजलीय बघ मधे." ताईनं वाकून पाहिलं. चपलेच्या टोकानं टोकरलं.

"नाल्याचं काही असेल."

"नाला गोल असतो का, ताई?"

"मला काय विचारतोस? मला काही आठवत नाही म्हणून सांगतेय ना!" तिचा आवाज चढला आणि मधेच फाटला. सगळं शोधून काढलं, जागा सापडली, लोखंड सापडलं, आणि जिच्यासाठी सापडायला हवं होतं तिलाच ते नको झालं होतं. आणि ह्याला जबाबदार कोण? आपणच. ते पट्टीवर उभे राहिले, आणि ताई त्यांच्याशेजारी, दोघंही खाली बघत.

तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी सेंटरच्या तोंडाशी आली. कुणी तरी घाईतलं गिऱ्हाईक. मधे ही दोन म्हातारी माणसं. त्यानं हॉर्न मारला. दोन आखूड, आणि मग कंटाळून एक लांब.

"बाजूला!"

ताई ओरडली होती. काकांना कळायच्या आत तिनं त्यांची कॉलर धरली आणि त्यांना मागे खेचलं, पट्टीवरून उजवीकडे, तीन पावलं, चार पावलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईच्या अंगात एवढा जोर कुठून आला देव जाणे. पट्टीच्या टोकाशी, अगदी कडेला नेऊन तिनं त्यांना आपल्या मागे दाबून धरलं, आणि तिचा दुसरा हात पाठीमागे चाचपडत राहिला. तिथे काही नव्हतं. खांब असता तर बरोबर तिथे असता.

गाडी आत येऊन शेडखाली गेली. ताईनं कॉलर सोडली नाही.

"ताई," काका हळूच म्हणाले, "गाडी गेली."

"लागलं असतं ना रे तुला फाटक," ताई म्हणाली. मग तिनं आपल्या मागे पसरलेल्या हाताकडे बघितलं, खालच्या पट्टीकडे बघितलं, आणि तोंडावर पदर घेऊन ढसाढसा रडायला लागली. काकांनी तिला जवळ घेतलं. गमबूटवाला पाइप तसाच चालू ठेवून बघत होता, पाणी पट्टीच्या कडेनं वाहत चाललं होतं.

बऱ्याच वेळानं ताईनं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि काकांची चुरगळलेली कॉलर सवयीनं नीट केली.

"होती," ती म्हणाली.

"काय होती?"

"मिशी. जाडजूड होती. आणि ओरडताना हलायची."